जीपीएस गेलं तर वेळ कोण सांगणार? थंड अणूंचं घड्याळ खिशाएवढं करण्याची धडपड

पनवेलजवळच्या कळंबोली सर्कलला पहिल्यांदा आलेला माणूस हमखास गोंधळतो. एक रस्ता सायनकडे जातो, एक जेएनपीटीकडे, एक पनवेलमार्गे गोव्याकडे, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे सुरू होतो तोही इथूनच. त्यात मागे कंटेनरवाला हॉर्न देत उभा. अशा वेळी योग्य रस्ता सापडतो तो मोबाइलच्या नकाशावर सरकणाऱ्या निळ्या ठिपक्यामुळे. तिकडे उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानंही उडू लागली आहेत, आणि त्यांच्या कॉकपिटमध्येही असाच एक ठिपका असतो.

हा ठिपका नकाशावर अवलंबून आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो घड्याळांवर अवलंबून आहे. ही घड्याळं आपल्या डोक्यावर सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर फिरतायत आणि त्यांचा सिग्नल दाबणं किंवा खोटा पाठवणं फारसं अवघड राहिलेलं नाही. म्हणूनच जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये, पुण्यातल्याही, पीएचडी करणारी मुलं-मुली एका विचित्र कामाला लागली आहेत. अणूंना लेझरनं जवळजवळ थांबवायचं, त्यांच्यापासून घड्याळ आणि सेन्सर बनवायचे, आणि खोलीभर पसरलेला हा सगळा पसारा उचलून नेता येईल एवढा लहान करायचा.

हे नेमकं काय प्रकरण आहे? आणि ते अजून झालं का नाही?

ठिपका घड्याळावर का चालतो?

जीपीएसचा प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो सिग्नल किती उशिरा पोहोचला त्यावरून तुमचा फोन उपग्रहापासूनचं अंतर काढतो. स्थानाचे तीन आकडे आणि फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक, अशा चार गोष्टी शोधायच्या असतात. म्हणून किमान चार उपग्रह लागतात.

प्रकाश आणि रेडिओलहरी एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटीमीटर जातात. त्यामुळे उपग्रहातलं घड्याळ एका मायक्रोसेकंदानं, सेकंदाच्या फक्त दहा लाखाव्या भागानं चुकलं तर अंतर ३०० मीटरनं चुकतं. कळंबोली सर्कलवर ३०० मीटरची चूक म्हणजे पुण्याला निघालेला माणूस जेएनपीटीच्या कंटेनरांच्या रांगेत.

उपग्रहांची घड्याळं इतकी चुकत नाहीत, कारण ती अणूंवर चालतात. अडचण दुसरीकडे आहे. इतक्या दुरून येणारा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. जवळून कुणी त्याच फ्रिक्वेन्सीवर आवाज केला की तो ऐकूच येत नाही. याला जॅमिंग म्हणतात. खरा वाटेल असा खोटा सिग्नल पाठवला तर ते स्पूफिंग. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये गडबडीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात दिल्ली विमानतळाजवळच्या स्पूफिंगची कबुली होती, आणि अशा तक्रारी आलेल्या इतर विमानतळांच्या यादीत मुंबईचंही नाव होतं.

इथे घाबरून जाण्याचं कारण नाही. जीपीएस गेलं म्हणून विमान पडत नाही. धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणा असतात, विमानाची स्वतःची दिशादर्शक यंत्रणाही असते. पण जीपीएस फक्त रस्ता दाखवत नाही, ते वेळही वाटतं, आणि हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. फाइव्ह-जीच्या टॉवरांना एकमेकांशी साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेलं राहावं लागतं, नाहीतर शेजारचे टॉवर एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. ही वेळ बरेच टॉवर उपग्रहाकडूनच घेतात.

समजा सिग्नल गेला आणि टॉवरमधल्या घड्याळाची चूक एक हजार कोटींत एक भाग इतकीच आहे. ऐकायला भारी वाटतं. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे २४ तासांत ते जवळजवळ साडेआठ मायक्रोसेकंदांनी सरकलं. दीड मायक्रोसेकंदांची मुभा सव्वाचार तासांत संपली. घड्याळ दहापट चांगलं असेल तर दोन दिवसांच्या आत. आठवडाभर तग धरायचा तर त्याहूनही चांगलं घड्याळ हवं, आणि तेही टॉवरच्या पेटीत बसेल असं.

भारताला घड्याळाचा फटका बसलाय

'नाविक' ही भारताची स्वतःची दिशादर्शक उपग्रहयंत्रणा. तिचा पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, जुलै २०१३ मध्ये गेला. त्यात तीन रुबिडियम अणुघड्याळं होती, स्वित्झर्लंडमधून घेतलेली. एक बिघडलं तर दुसरं, ते गेलं तर तिसरं, असा हिशेब होता. २०१६ मध्ये तिन्ही बंद पडली. बाकीचा उपग्रह ठणठणीत होता, पण वेळ सांगू न शकणारा दिशादर्शक उपग्रह म्हणजे हात नसलेला वाहतूक पोलीस.

त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये दुसरा पाठवला, तर रॉकेटचं उष्णतारोधक आवरण उघडलंच नाही. एप्रिल २०१८ मध्ये तिसरा गेला तेव्हा कुठे जागा भरली. भारतीय बनावटीचं रुबिडियम घड्याळ अवकाशात गेलं ते २९ मे २०२३ ला, एनव्हीएस-०१ या उपग्रहातून. ते अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरनं बनवलं होतं. पुढचा, एनव्हीएस-०२, जानेवारी २०२५ मध्ये उडाला पण हव्या त्या कक्षेत पोहोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार स्थान आणि वेळ सांगण्याचं काम करणारे नाविकचे उपग्रह चारच होते. किमान किती लागतात ते वर आलंच आहे.

अणू घड्याळाचं काम कसं करतो?

घड्याळाला ठरावीक तालात हलणारं काहीतरी लागतं. जुन्या घड्याळात लंबक होता, मनगटावरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. पण दोन लंबक कधी तंतोतंत सारखे नसतात आणि दोन स्फटिकही नसतात. अणूंचं तसं नाही. पनवेलमधला सिझियमचा अणू आणि पॅरिसमधला सिझियमचा अणू यांत काडीचाही फरक नसतो. ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या मायक्रोवेव्ह लहरींनीच तो एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जातो. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच त्यावर आहे: सिझियमच्या त्या लहरीची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद.

म्हणजे घड्याळजीचं काम एवढंच की आपल्या लहरीची फ्रिक्वेन्सी अणूला विचारून पुन्हा पुन्हा जुळवत राहायची. अणूला जितका वेळ निवांत विचारता येईल तितकं उत्तर नेमकं मिळतं. आणि इथेच घोडं अडतं, कारण खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे २९० मीटर वेगानं पळत असतो. ताशी हजार किलोमीटरच्या वर. प्रश्न पूर्ण होण्याआधी तो भिंतीवर जाऊन आदळलेला असतो.

यावर एक जुगाड आहे. अणूंच्या डबीत दुसरा निरुपद्रवी वायू भरायचा, म्हणजे अणू गर्दीत अडकतो आणि भिंतीपर्यंत लवकर पोहोचत नाही. या युक्तीनं अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेनं २००४ मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा अणुघड्याळाचा गाभा दाखवला, आणि २०११ पासून काडेपेटीएवढी, ३५ ग्रॅमची अणुघड्याळं बाजारात आली. समुद्रतळावर ठेवायच्या भूकंपमापकांत ती वापरतात, कारण पाण्याखाली जीपीएस पोहोचत नाही. मग प्रश्न सुटला की! तसं नाही. त्या गर्दीतले धक्केच अणूचा ताल थोडासा बदलतात. डबीतला वायू, तापमान, काचेचं वय, सगळ्यांचा परिणाम होतो आणि घड्याळाची चाल महिन्यागणिक सरकत जाते. स्वस्त पर्याय म्हणून ते उत्तमच आहे, पण स्वतःच्या भरवशावर लांब टिकणारं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अणूलाच हळू करणं.

लेझरनं वस्तू तापते, मग अणू गार कसा होतो?

प्रकाशाचा प्रत्येक कण अणूवर आदळताना त्याला बारीकसा धक्का देतो. रुबिडियमसाठी हा धक्का सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटर वेगाचा. समोरून येणाऱ्या अणूचा २९० मीटरचा वेग मारायचा तर असे जवळजवळ ५० हजार धक्के लागतात. टेबल टेनिसचे चेंडू मारून एसटी थांबवण्यासारखं हे काम आहे. पण हे चेंडू फार वेगानं मारता येतात. अणू सेकंदाला कोटीभर कण सहज झेलतो, त्यामुळे एसटी काही मिलिसेकंदांत थांबते.

चेंडू फक्त समोरून येणाऱ्या अणूलाच लागावेत, पळून जाणाऱ्याला मागून ढकलू नयेत, यासाठीची युक्ती स्टेशनवर उभं राहून कळते. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढ्या सुरात ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की सूर उतरतो. लेझरचा सूर अणूला हवा त्यापेक्षा किंचित खाली ठेवायचा. लेझरकडे धावत येणाऱ्या अणूला तो चढा, म्हणजे अगदी बरोबर वाटतो आणि तो धक्के खातो. बाकीच्यांना तो बेसूर वाटतो. सहा बाजूंनी असे सहा झोत सोडले आणि तारेच्या वेटोळ्यांनी चुंबकीय क्षेत्र तयार केलं की मधोमध कोट्यवधी अणूंचा एक चमकता ढग तयार होतो. त्याचं तापमान शून्याखाली २७३ अंशांच्या अगदी टोकाशी, निरपेक्ष शून्यापेक्षा अंशाच्या लाखाव्या भागाइतकंच वर. तिथे अणू सेकंदाला पाचेक सेंटीमीटर सरकतो, म्हणजे मुंगीच्या चालीनं. या तंत्रासाठी १९९७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स.

आता अणूला निवांत प्रश्न विचारता येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, जिथे भारताची प्रमाणवेळ राखली जाते, तिथल्या 'कारंजा' घड्याळात थंड सिझियम अणू वर उडवतात आणि खाली पडताना पुन्हा तपासतात. हे कारंजं माणसापेक्षा उंच असतं. ते टॉवरच्या पेटीत कसं बसणार?

लहान करायला गेलं की काय काय आडवं येतं?

पहिली अडचण गुरुत्वाकर्षण. अणू हळू असले तरी ते पडतातच. लेझर बंद केल्यावर एक सेंटीमीटर पडायला त्यांना ४५ मिलिसेकंद लागतात. उंची चौपट वाढवली तर वेळ फक्त दुप्पट होतो. उलट डबी लहान करत गेलं की प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी अणू गार केले तीच लहान करताना हातातून निसटते. त्यामुळे 'सगळ्यात लहान' आणि 'सगळ्यात अचूक' यांच्यात कुठे थांबायचं हा हिशेब या विषयातल्या जवळपास प्रत्येक प्रबंधात असतो.

दुसरी अडचण निर्वात. थंड अणूंच्या ढगावर हवेचा एखादा रेणू येऊन आदळला तर अणू उडून जातो. म्हणून डबीतली हवा बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत खाली आणावी लागते. प्रयोगशाळेत त्यासाठी स्टीलचं भांडं, पंप आणि चिकाटी लागते. भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जावं म्हणून भांडं अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये (हो, पोळ्या गुंडाळतो तोच) गुंडाळून दीडशे-दोनशे अंशांवर दिवसेंदिवस भाजतात. मग कुठेतरी सूक्ष्म गळती आहे असं लक्षात येतं. प्रत्येक सांध्यावर हेलियम वायू फवारून ती शोधायची, सांधा खोलायचा, पुन्हा बंद करायचा, पुन्हा भाजायचं. अणुभौतिकी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष असं प्लंबिंग करण्यात जातं, यात नवल काही नाही.

छोट्या यंत्रात पंपाला वीज आणि जागा नसते. मग भांडं सील करून आत गॅस शोषणारा धातूचा तुकडा ठेवायचा. पण हवेत अगदी थोडा हेलियम असतो आणि तो नेहमीच्या काचेतूनसुद्धा आरपार झिरपतो. त्यासाठी वेगळी काच किंवा चक्क नीलमच्या खिडक्या लागतात. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेनं टायटॅनियमच्या भिंती आणि नीलमच्या खिडक्यांचं असं एक भांडं बनवलं. ते अ‍ॅव्होकॅडोएवढं होतं, आपल्या भाषेत मोठ्या पेरूएवढं. पंपाविना त्यातली निर्वात पोकळी वर्षाहून अधिक काळ टिकल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. या क्षेत्रातली ही मोठी बातमी होती, यावरून अडचण कुठे आहे ते कळावं.

तिसरी अडचण ते सहा झोत. प्रत्येकासाठी आरसे, भिंगं, त्यांना धरणारे स्क्रू. चार बाय आठ फुटांच्या जड टेबलावर हे सगळं बसतं, आणि एसी बंद पडला की लेझरचा सूर सरकतो. यावर स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या गटानं २०१३ मध्ये देखणा उपाय मांडला. नखाएवढ्या-दोन नखांएवढ्या चिपवर अतिशय बारीक रेघा कोरायच्या. वरून एकच झोत टाकला की सीडीच्या पाठीवर जसा प्रकाश फाकतो तसा तो अनेक दिशांना वळतो, आणि सहा झोतांचं काम एका झोतात होतं. आरसे गेले, स्क्रू गेले. जगभरात थंड अणूंची यंत्रं लहान करण्यावर चाललेल्या कितीतरी पीएचड्या या चिपभोवती फिरतायत. रेघांची खोली किती हवी, अणू किती पकडले जातात, ती चिप निर्वात डबीच्या आत ठेवायची की बाहेर. प्रश्न छोटे वाटतात, पण एकेकाचं उत्तर शोधायला एकेक वर्ष जातं.

लेझरची अडचण मात्र चिपनं सुटत नाही. लेझर हवाच, त्याचा सूर धरून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक्स हवीत आणि वीज हवी. काडेपेटीएवढं गरम अणूंचं घड्याळ एक अष्टमांश वॉटपेक्षाही कमी विजेवर चालतं. थंड अणूंचं यंत्र त्याच्या जवळपासही नाही. बातम्यांमध्ये 'खिशातलं क्वांटम घड्याळ' असे मथळे येतात तेव्हा निर्वात डबीचा फोटो असतो. शेजारच्या लेझरच्या कपाटाचा नसतो.

पुण्यात काय चाललंय?

एक्स्प्रेस वेनं घाट चढून गेलं की या विषयातल्या दोन महत्त्वाच्या जागा पुण्यात आहेत. पाषाणजवळच्या आयसरमध्ये प्रा. उमाकांत रापोल यांचा गट थंड अणूंवर काम करतो. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकामध्ये प्रा. सुभदीप डे यांची प्रयोगशाळा आहे. तिथे यटर्बियमच्या एकाच विद्युतभारित अणूला विजेच्या सापळ्यात धरून घड्याळ उभं केलं जातंय. ते मायक्रोवेव्हऐवजी प्रकाशलहरीवर चालणारं आहे. सिझियमचा ताल सेकंदाला ९१९ कोटींचा, तर यटर्बियमच्या या प्रकाशलहरीचा ६४२ लाख कोटींचा. फूटपट्टीवर जितक्या बारीक रेघा तितकं माप नेमकं, तसंच हे. खगोलशास्त्राच्या संस्थेत घड्याळ कशाला, असं वाटू शकतं. पण निसर्गाचे मूलभूत स्थिरांक काळानुसार बदलतात का, असले प्रश्न तपासायला याहून चांगलं साधन नाही.

अशी घड्याळं सुरुवातीला लहान नसतातच. मोठ्या टेबलावर आधी सगळं चालवून दाखवायचं, मग एकेक भाग आकसवायचा, असाच क्रम असतो. हे आकसवण्याचं काम भारतात आता सुरू होतंय. केंद्रानं १९ एप्रिल २०२३ ला राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपयांचं. वेळेसाठी आणि दिशादर्शनासाठी अणुघड्याळं आणि अणूंवर चालणारे संवेदनशील चुंबकमापक ही त्याची लेखी उद्दिष्टं आहेत. सेन्सर आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशननं निवडलेल्या आठ स्टार्टअपमध्ये पुण्याची 'क्यूप्रयोग' होती, प्रकाशलहरींवर चालणाऱ्या अणुघड्याळांसाठी. त्याच यादीत आयआयटी दिल्लीतली 'प्रेनिश्क' होती, नेमक्या सुराच्या डायोड लेझरसाठी. दुसरं नाव बातम्यांत कमी आलं, पण लेझरच्या कपाटाची अडचण लक्षात घेतली तर ते तितकंच महत्त्वाचं आहे.

हे सगळं शेवटी येऊन पडतं संशोधक विद्यार्थ्यांवर. पाच-सहा वर्षांची पीएचडी, जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजारांची फेलोशिप, आणि बिघडला तर परदेशातून मागवावा लागणारा एखादा सुटा भाग. गळती शोधायची, लेझर स्थिर ठेवायचा, अणूंचा ढग पुन्हा पुन्हा तसाच मिळवायचा, ही हातातली विद्या पेपर वाचून येत नाही. ती एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जाते. सीनियर परदेशी गेला की बरंचसं त्याच्याबरोबर जातं. मिशनचा पैसा यंत्रांवर किती आणि ही माणसं इथे टिकवण्यावर किती खर्च होतो, यावर बरंच ठरणार आहे.

कळंबोलीतली संस्था आणि ट्रामची गोष्ट

थंड अणूंचा दुसरा उपयोग मोजमापाचा. ज्या अणूचा ताल घड्याळ म्हणून वापरायचा, त्याच्यावर चुंबकीय क्षेत्राचा आणि गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो. घड्याळवाल्यांना ती डोकेदुखी, सेन्सरवाल्यांना तोच माल.

ज्या कळंबोलीपासून सुरुवात केली तिथेच, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणं हे तिचं काम, आणि तिचा वारसा मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत जातो. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभरातले शास्त्रज्ञ वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या लक्षात आलं की रुळांमधल्या विजेनं सुया बिघडणार. म्हणून वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला गेली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं. इमारत चुंबकत्व नसलेल्या साहित्याची, लोखंड टाळून बांधलेली. शहरात विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

चुंबकीय क्षेत्र मोजायला आज वेधशाळांमध्ये प्रोटॉन वापरतात. एखाद्या द्रवातले प्रोटॉन क्षेत्रात भोवऱ्यासारखे डोलतात, आणि किती वेगानं डोलतात त्यावरून क्षेत्र कळतं. आपल्याकडच्या सुमारे ४० हजार नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात ते सेकंदाला १,७०० वेळा डोलतात. रुबिडियमचा अणू त्याच क्षेत्रात जवळजवळ २ लाख ८० हजार वेळा डोलतो. अर्थात बारीक बदल पकडायला तो कितीतरी सोयीचा. गंमत म्हणजे या कामाला अणू थंड असण्याची गरज सहसा पडत नाही, गरम वाफच पुरते. 'थंड अणू सगळ्यावर उपाय' असं कुणी सांगत असेल तर ते तपासून घ्यावं.

या सेन्सरचा एक नवा उपयोग म्हणजे जीपीएसशिवाय वाट शोधणं. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमध्ये लोहयुक्त खनिजं असतात आणि त्यांचं चुंबकत्व जागोजागी वेगळं असतं. त्याचा चांगला नकाशा आधीच तयार असेल तर विमान खालचं क्षेत्र मोजत 'आपण कुठे आहोत' हे ओळखू शकतं. हा सिग्नल जमिनीतून येतो, त्यामुळे तो जॅम करणं जवळपास अशक्य. पण नकाशा नसेल तर सेन्सर कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

थंड अणूंची खरी ताकद दिसते ती गुरुत्वाकर्षण मोजताना. पडणारा अणू लेझरनं तपासला की तो किती त्वरेनं पडला हे कमालीच्या बारकाईनं कळतं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटानं अशा यंत्रानं रस्त्याखाली पुरलेला, साधारण दोन मीटर रुंदीचा बोगदा उघड्यावर शोधून दाखवला. खणाखणी नाही, फक्त वरून मोजमाप. रोज कुठेतरी पाइपलाइन फुटणाऱ्या आपल्या शहरांत याची किंमत समजावून सांगायला नको.

रायगडात आणखी एक उपयोग सुचतो. एक मीटर जाडीचा पाण्याचा थर जमिनीखाली वाढला तर वर गुरुत्वाकर्षण सुमारे ४२ मायक्रोगॅलनं वाढतं. मायक्रोगॅल म्हणजे आपल्या नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाचा साधारण शंभर कोटीवा भाग. बसाल्टच्या भेगांमध्ये पाण्याला दोन टक्केच जागा मिळत असेल, तर भूजलपातळी पाच मीटरनं घसरल्यावर फरक पडतो तो चार मायक्रोगॅलचा. सर्वोत्तम थंड अणूंची गुरुत्वमापकं मायक्रोगॅलच्या आसपास पोहोचली आहेत. म्हणजे हे मोजमाप शक्यतेच्या उंबरठ्यावर आहे, पण गुरुत्वाकर्षणासाठी लहानपणाची शिक्षा अधिक कडक असते. अणूला पडायला अर्धा वेळ मिळाला तर अचूकता अर्धी नाही, पाव होते. मार्चमध्ये जीपच्या मागे टाकून कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर नेता येईल असं यंत्र आणि मायक्रोगॅल मोजणारं यंत्र, ही अजून तरी दोन वेगळी यंत्रं आहेत.

मग हे हातात कधी येणार?

सर्वात आधी ते खिशात येणार नाही. थंड अणूंची घड्याळं रॅकमध्ये बसणाऱ्या खोक्यांच्या रूपात परदेशात विकत मिळू लागली आहेत. पुढचा टप्पा सुटकेसएवढ्या यंत्रांचा: टेलिकॉमची केंद्रं, बंदरं, जहाजं, पाणबुड्या. तुमच्या फोनला याची गरजच नाही. टॉवर नीट चालला तर फोन नीट चालेल.

आणि यंत्र तयार झालं तरी लगेच भरवसा ठेवता येत नाही. नवं घड्याळ जुन्या, खात्रीच्या घड्याळाशेजारी ठेवून महिनोन् महिने फरक लिहून काढावा लागतो. उन्हाळ्यात किती सरकलं, पावसाळ्यात किती, हलवल्यावर किती. मूस यांनीही कुलाब्याची वेधशाळा एका रात्रीत बंद केली नव्हती. अलिबाग सुरू झाल्यावर १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या होत्या. त्यामुळेच कुलाब्याची १८४१ पासूनची आकडेवारी अलिबागच्या आकडेवारीला जोडता येते.

राष्ट्रीय क्वांटम मिशनची मुदत २०३०-३१ ला संपते. आज पीएचडीला प्रवेश घेतलेला विद्यार्थी साधारण तेव्हाच प्रबंध सादर करत असेल.